चौदा झाडं आणि सतराचा पाढा

“आज रात्री बारा वाजले की मी मुकी,” बोग्ना म्हणाली आणि उकडलेल्या बिटाचं साल तिने अंगठ्याने सरकन ओढून काढलं. “रविवारी मतदान संपेपर्यंत. तोवर लिंडनच्या झाडाकडे मी नुसतं बघितलं तरी तो प्रचार.”

नोव्हेंबरातली शुक्रवारची संध्याकाळ होती. टेबलाच्या अलीकडे बसून मी बटाटे सोलत होतो, कारण पोलंडमध्ये कुणाच्या स्वयंपाकघरात बसायचं असेल तर हात रिकामे ठेवून चालत नाही. याला आता बरीच वर्षं झाली. बोग्ना झारेम्बा पुढे नगराध्यक्ष झाली, मग संसदेत गेली, आणि हल्ली युरोपभर झाडांवर भाषणं देत फिरते असं ऐकतो. पण त्या संध्याकाळी ती नगरपालिकेच्या एका जागेसाठी उभी असलेली जीवशास्त्राची शिक्षिका होती, आणि मी तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.

मी मूळचा इचलकरंजीचा. आमच्या कंपनीने वूच शहराजवळच्या ओल्शिन्का नावाच्या गावात कापड रंगवायचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि रंगखात्याचा प्रमुख म्हणून मला तिकडे पाठवलं. बोग्ना मला पहिल्यांदा भेटली ती कारखान्याच्या फाटकावर. तिच्या हातात नदीच्या पाण्याची बाटली होती आणि पाणी निळं होतं. हे काय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, आज गुरुवार, निळ्याचा दिवस. उद्या आलात तर मरून मिळेल. ती हसली नाही. मात्र गाळणयंत्र बसेपर्यंत दर गुरुवारी न चुकता आली, आणि बसल्यावर तिने चौकशी केली की माझी राहायची सोय नीट आहे का. त्या गावात मैत्रीची सुरुवात बहुधा तक्रारीनेच होते.

गावातले लोक मला ‘पान इंजिनिएर’ म्हणायचे. अनिरुद्ध हेरवाडे हे नाव त्यांच्या जिभेला झेपत नसे. पान म्हणजे श्रीयुत आणि पानी म्हणजे श्रीमती. पहिले सहा महिने प्रत्येक बाईची ओळख करून दिली की मला तहान लागायची.

तर लिंडनची झाडं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका कडेला ती चौदा झाडं होती. शंभरेक वर्षांची, उन्हाळ्यात फुलली की अख्ख्या गावाला मधाचा वास यायचा. चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर पहिल्यांदा संकट आलं तेव्हा बोग्नाने कपडे वाळत घालायच्या दोरीने स्वतःला तिसऱ्या झाडाला बांधून घेतलं होतं. तो फोटो वर्तमानपत्रात आला आणि तिची कारकीर्द सुरू झाली. आता तिच्या प्रचारपत्रकांवर लिंडनचं बदामाच्या आकाराचं पान छापलेलं होतं. गावात पान म्हटलं की बोग्ना.

नगराध्यक्षांना तिथे मोटारी उभ्या करायला जागा हवी होती. झाडं तोडायच्या परवान्यात त्यांनी कारण लिहिलं होतं, पानं गळतात. परवान्याची मुदत त्या शनिवारी, मतदानाच्या आदल्या दिवशी संपत होती. त्यांनी सहा महिने वाट बघितली होती, आणि ती आळसाने नव्हे. त्या देशात मतदानाच्या आधी निवडणुकीची शांतता पाळतात. आमच्याकडे जाहीर प्रचार थांबतो तेव्हा खरा प्रचार सुरू होतो; त्यांच्याकडे तो खरोखरच थांबतो. त्या दिवशी पत्रक वाटलं, घोषणा दिली, छातीवर बिल्ला लावला तरी पोलीस येतात. लोक पावाच्या दुकानातसुद्धा उमेदवाराचं नाव घेत नाहीत. लिंडनच्या मधाला यंदा उठाव कसा आहे, असं विचारतात आणि दुकानदार समजून घेतो.

“वकील म्हणतो, मी झाडाशेजारी उभी राहिले तर दुसरा पक्ष निकालालाच हरकत घेईल,” बोग्ना म्हणाली. “माझ्या माणसांपैकी कुणीही उभं राहिलं तरी तेच. झाड म्हणजे माझं चिन्ह.”

मी म्हणालो, मग उद्या जपून राहा आणि रविवारी निवडून या.

“आणि सोमवारी काय करू? मोटारींच्या तळाचं उद्घाटन?” तिने बीट किसायला घेतलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्हाला इथे मत नाही.”

“नाही.”

“तुम्ही कुठल्या पक्षाचे नाही. तुमचं पोलिश कुणाला कळत नाही. कायद्याच्या नजरेने बघितलं, पान इंजिनिएर, तर तुम्ही साधारण झाडच आहात.”

हात लाल झालेले, कपाळावर बिटाचा ठिपका, आणि चेहऱ्यावर गृहपाठ तपासताना असतो तो भाव. मी विचारलं, उभं राहून करायचं काय?

“बोलत राहा. माणूस बोलत असला की त्याच्यावर कुणी करवत चालवत नाही. दिवस मावळेपर्यंत. अंधार पडल्यावर तोडायला परवानगी नाही.”

“काय बोलू?”

“काहीही. फक्त पोलिशमध्ये नको.”

शनिवारी सकाळी आठला मी पहिल्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. रात्री बर्फ पडायचं राहून गेलं होतं आणि त्याबद्दलचा राग हवेत होता. रस्त्यापलीकडे पाव-केकचं दुकान होतं. त्याच्या काचेमागे बोग्ना बसली होती, पुढे कॉफी आणि जॅम भरलेल्या तळलेल्या गोळ्यांची बशी. ती माझ्याकडे बघत नव्हती. इतकं मन लावून बघत नव्हती की येणारा-जाणारा आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे वळून बघे.

सव्वाआठला गाडी आली. रोमेक नावाचा मुकादम आणि त्याची दोन माणसं उतरली, दोन करवती निघाल्या. रोमेकने सभ्यपणे मला बाजूला व्हायला सांगितलं. मी तोंड उघडलं, आणि आयत्या वेळी माझ्या जिभेवर काय आलं असेल? आमच्या गल्लीतल्या निवडणुकीतलं ताई-माई-अक्का. शिक्का मारण्यापर्यंत पोचण्याआधी मी ते गिळलं. प्रचारबंदीच्या दिवशी परदेशात जाऊन मराठीत प्रचार करणं बरं दिसलं नसतं. दुसरं काही आठवेना. घरच्या आरत्यांना मी पंधराव्या वर्षीच राजीनामा दिला होता. मग तोंडातून आपोआप निघालं ते शाळेतलं.

“बे एके बे,” मी झाडाला पाठ लावून म्हणालो. “बे दुणे चार.”

आमचे मास्तर पाढे हात मागे बांधून आणि डोळे मिटून म्हणायला लावत. पाढे म्हणायचे तर माझे हात मागे जातात आणि डोळे मिटतात, त्याला आजही इलाज नाही. तिनाच्या पाढ्यापर्यंत रोमेकने फोन लावला होता. पाचाच्या पाढ्याला हवालदार क्रुपा सायकलवरून आले. हे काय चाललंय, त्यांनी मला विचारलं. प्रचार असेल तर आत्ताच सांगा. मी डोळे उघडून सहा दाहे साठ म्हणालो, कारण पाढा मधे तोडायची सवय नाही.

“दिसत नाही का तुला, क्रुपा? तो प्रार्थना करतोय.”

हा आवाज पानी गेनोवेफांचा. चर्चच्या जपमाळ मंडळाच्या त्या प्रमुख. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्याला लोकरीचा रुमाल, हातातल्या पिशवीत दफनभूमीतून परत आणलेल्या रिकाम्या कुंड्या. सगळं गाव त्यांना ‘पानी प्रोफेसोर’ म्हणायचं. तिकडे शाळेतल्या शिक्षकांनाही प्रोफेसर म्हणतात. जपमाळ मंडळावरून मी धरून चालत होतो की त्या शाळेत धर्म शिकवत असणार.

क्रुपांनी विचारलं, कुठली प्रार्थना, पानी प्रोफेसोर?

“त्याच्या धर्मातली. हात बघ. डोळे बघ.”

क्रुपांनी हात बघितले, डोळे बघितले, आणि डोक्यावरची टोपी काढली. त्यांचं पाहून रोमेकने काढली. चालू प्रार्थनेत अडथळा आणणं तिकडे गुन्हा आहे. हे क्रुपांना ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असलेला माणूस पानी गेनोवेफांपुढे विसरू शकत नाही. त्यांनी रोमेकला बाजूला घेऊन सांगितलं, संपेपर्यंत थांबा.

“पण ती संपणार कधी?” रोमेकने विचारलं.

“सुरुवातीलाच आहे,” पानी गेनोवेफा म्हणाल्या आणि एक कुंडी उलटी करून तिच्यावर बसल्या.

आता मी अडकलो होतो. इकडे नवस न करणाऱ्या माणसाला तिकडे संत करून ठेवलं होतं. खोटं मी बोललो नव्हतो, पण खरं सांगायला लागणारी पोलिश वाक्यरचना मला येत नव्हती, हेही तितकंच खरं. मी पुढे गेलो. सात, आठ, नऊ. ‘दहा दाहे शंभर’ म्हणून श्वास घेतला तेव्हा पानी गेनोवेफांनी मान खाली घालून ठणठणीत आवाजात म्हटलं, “आमेन.”

त्यानंतर प्रत्येक पाढा संपला की त्यांचं आमेन येत राहिलं. अकराला आमेन, बाराला आमेन. मला वाटलं, मी श्वास घ्यायला थांबतो ते त्यांच्या लक्षात आलं असेल. म्हाताऱ्या बायकांना प्रार्थनेतला दम बरोबर कळतो. साडेनवापर्यंत जपमाळ मंडळाच्या आणखी नऊ बाया जमल्या होत्या. कुणी थर्मासमधून चहा आणला, कुणी माझ्या गळ्यात मफलर घातला. पानी गेनोवेफांनी आमेन म्हटलं की त्या सगळ्या म्हणायच्या. माझ्या आयुष्यात माझ्या गणिताला इतका पाठिंबा कधी मिळाला नव्हता.

तिसाच्या पाढ्यानंतर मी मिरज ते पुणे सगळी स्टेशनं म्हटली. मग रंगांची नावं, त्यांचं तापमान आणि प्रमाण. गडद निळ्याच्या कृतीवर दोन बाया गहिवरल्या. शाळेतली हजेरी म्हटली, आडनावांसकट. तेही संपलं तेव्हा पुन्हा बेपासून सुरू केलं. एक गोष्ट तेव्हा जाणवली पण तिचा अर्थ लागला नाही. स्टेशनांना आणि हजेरीला पानी गेनोवेफांचं आमेन कुठेही, कसंही यायचं. पाढ्यांना ते जागेवर यायचं.

अकराला नगरपालिकेतून एक कारकून आला. बरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस. कारकुनाने परिस्थिती बघितली आणि रोमेकला हळू आवाजात एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: प्रार्थना पहिल्या झाडाखाली चालली आहे ना? मग चौदाव्यापासून सुरू करा.

रोमेकची माणसं करवत घेऊन रस्त्याच्या त्या टोकाला गेली. मी सतराच्या पाढ्यावर होतो. सतरा चोक अडुसष्ट. करवत सुरू झाली, आणि तिचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत माझ्यापर्यंत आला. सतरा पाचे पंच्याऐंशी. समोर दुकानाचं दार उघडलं. बोग्ना बाहेर आली. अंगात कोट नव्हता, ओठांना साखर लागलेली. सतरा सक एकशे दोन. कॅमेरावाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तेव्हा मला उमगलं की कारकुनाला झाडापेक्षा हाच फोटो हवा होता. बोग्नालाही ते दिसत होतं. तरीही तिने फूटपाथवरून एक पाय रस्त्यावर ठेवला.

“सतरा आठी एकशे छत्तीस,” मी म्हणालो.

पानी गेनोवेफा कुंडीवरून उठल्या. त्यांनी बोग्नाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, वर्गात ठेवतात तसं. बोग्ना जागच्या जागी थांबली. मी कसाबसा सतरा दाहे एकशे सत्तर केलं आणि थांबलो. आमेन आलं नाही. पानी गेनोवेफा माझ्याकडे वळून बघत राहिल्या, जणू मी काहीतरी द्यायचं विसरलो आहे. मी घाईघाईने अठराला हात घातला. मला वाटलं, गडबडीत राहून गेलं असेल बाईंचं.

बोग्नाने रस्त्यावरचा पाय उचलून परत फूटपाथवर घेतला आणि ती आत गेली. इतक्या लांबून नक्की सांगता यायचं नाही, पण बसल्यावर तिने तोंडात एक अख्खा गोळा कोंबला, बहुधा तोंडाचा दुसरा काही उपयोग होऊ नये म्हणून.

पानी गेनोवेफा मात्र रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून बोटाने झाडं मोजत होत्या. मग त्यांनी कारकुनाला विचारलं, “झाडं किती आहेत रे?”

तो म्हणाला, चौदा.

“आणि येशूच्या क्रूसाच्या वाटेवर थांबे किती?”

कारकुनाचा चेहरा पडला. ते तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चौदा. प्रत्येक चर्चच्या भिंतीवर त्या शेवटच्या वाटचालीची चौदा चित्रं असतात आणि लोक एकेका चित्रापुढे थांबून प्रार्थना करतात. पानी गेनोवेफांनी भराभर वाटणी केली. पहिल्या झाडाखाली मी. दुसऱ्याखाली त्या. पुढच्या नऊ झाडांखाली नऊ बाया. राहिली तीन.

“रोमेक,” त्या म्हणाल्या, “तू बाराव्याला. तुझी ही दोन माणसं तेराव्याला आणि चौदाव्याला.”

“पण पानी प्रोफेसोर, आम्ही तर ती तोडायला…”

“करवत खाली ठेव आधी. हातात करवत घेऊन क्रूसाखाली उभा राहणार आहेस?”

रोमेकने करवत खाली ठेवली. सहावीत असताना याच आवाजाने त्याला फळ्यासमोर उभं केलं असणार. माणसाच्या पाठीच्या कण्यात असल्या गोष्टी टिकून राहतात. तो बाराव्या झाडाखाली टोपी छातीशी धरून उभा राहिला. हवालदार क्रुपांनी रहदारी वळवली. चौदाव्या झाडाच्या बुंध्यावर बोटभर खाच पडली होती, तेवढंच त्या दिवसाचं काम.

साडेतीनला अंधारायला लागलं. तिकडचा नोव्हेंबरातला सूर्य सरकारी कचेरीसारखा लवकर बंद होतो. परवान्याची मुदत संपली. रोमेकने माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, तुमचा धर्म फार लांब आहे.

रविवारी बोग्ना एक्केचाळीस मतांनी निवडून आली. आभाराच्या भाषणात तिने नागरिकांच्या सुजाणपणाची स्तुती केली. रात्रीच्या जेवणाला बिटाचं सार होतं. मी तिला सांगून टाकलं की ती प्रार्थना नव्हती, पाढे होते, रेल्वे स्टेशनं होती आणि गडद निळ्या रंगाची कृती होती. ती इतकी हसली की साराचा डाग टेबलक्लॉथवर कायमचा राहिला. मग म्हणाली, हे कुणाला सांगू नका. मी सांगितलं नाही.

वसंतात पहिल्या झाडावर लाकडाची एक छोटी देवळी दिसली, काच लावलेली, आत चित्र. तिकडे झाडांवर असल्या देवळ्या ठोकायची जुनीच रीत आहे. उन्हाळ्यापर्यंत चौदाही झाडांवर देवळ्या लागल्या, एक ते चौदा रोमन आकड्यांत. त्यातली बाराव्या झाडाची रोमेकने स्वतः केली होती. पुढच्या वर्षी मी भारतात परतलो.

पाढ्यांच्या त्या शनिवारनंतर आठ वर्षांनी कारखान्याच्या कामासाठी मला दोन आठवडे पुन्हा ओल्शिन्काला जावं लागलं. बोग्ना आता नगराध्यक्ष होती. तिने मला कचेरीत बोलावलं, मिठी मारली, चहा पाजला आणि भिंतीवरचा नकाशा दाखवला. स्टेशनपासून शाळेपर्यंत सायकलींचा रस्ता. मोटारी बंद, धूर बंद. युरोपीय संघाने योजना उचलून धरली होती, बाहेरच्या देशांतून पाहुणे बघायला येणार होते. या रस्त्यावर तिची पुढची निवडणूक उभी होती, आणि ती संसदेची होती. फक्त त्याच्या वाटेत चौदा लिंडन होते.

“झाडं म्हातारी झालीत,” ती म्हणाली. “दोन तर आतून पोकळ आहेत. त्यांच्या जागी मी साठ नवीन लावतेय. साठ, पान इंजिनिएर.”

मी विचारलं, परवान्यात कारण काय लिहिलंय? पानं गळतात असं तिने लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, हरित आच्छादनाचं पुनर्नियोजन. शिक्षणाने एवढा फरक पडतोच.

अडचण देवळ्यांची होती. पानी गेनोवेफांनी अर्ज दिला होता की ते प्रार्थनास्थळ आहे. परदेशी माणसाने तिथे पहिली प्रार्थना केली, तेव्हापासून अखंड चालू आहे. दोनशे सह्या जोडल्या होत्या, त्यात रोमेकची पहिली. बोग्नाने खणातून एक टाइप केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. ‘मी, अनिरुद्ध हेरवाडे, जाहीर करतो की सदर दिवशी मी म्हटलेला मजकूर प्रार्थना नसून गुणाकाराचे पाढे होते.’ खाली सहीसाठी ठिपके.

“खरंच आहे ना ते?” ती म्हणाली.

“खरं आहे.”

“मग?”

मी म्हणालो, सही करण्याआधी एकदा पानी गेनोवेफांना सांगून येतो. त्यांनी आठ वर्षं ज्याला आमेन म्हटलं ते काय होतं, हे त्यांना कागदावरून कळू नये. बोग्नाने खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून ते तिसरं झाड दिसायचं, ज्याला तिने एकेकाळी स्वतःला बांधून घेतलं होतं. मग म्हणाली, सांगा. पण चारपर्यंत या, चारला माझी बैठक आहे.

पानी गेनोवेफा पहिल्या झाडाखालीच भेटल्या. आता काठी आली होती, रुमाल तोच होता. एका ओल्या फडक्याने त्या देवळीची काच पुसत होत्या. मी इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगितलं. ती प्रार्थना नव्हती. मला प्रार्थना येतच नाही. ते पाढे होते, दोनपासून तिसापर्यंत, आणि मला माफ करा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अठ्ठावीसपर्यंत चांगले येतात तुम्हाला. एकोणतीसला जरा घाई करता.”

हे तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

“तुम्हाला काय वाटलं, मी शाळेत काय शिकवत होते?”

मी म्हणालो, धर्म.

“माझ्या काळात सरकार शाळेत धर्म शिकवू देत नव्हतं. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. ओळ सुरू त्याच शब्दाने होते, शेपूट बदलत जातं, दहा झाल्या की संपतं. पाढा कुठल्याही भाषेत पाढाच असतो हो. मी कोपऱ्यावर आले तेव्हा तुम्ही पाचावर होता.”

“मग क्रुपांना प्रार्थना का सांगितलंत?”

“क्रुपाला पाढे सांगितले असते तर त्याने टोपी काढली असती का?” त्यांनी फडकं पिळलं. “तुम्ही प्रार्थना केली नाहीत, मला माहीत आहे. आम्ही केली. तुम्ही फक्त मोजत होता.”

मी खिशातून कागद काढला. म्हणालो, बोग्नाला यावर सही हवी आहे. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, पेन्सिलीने ‘नसून’ या शब्दाखाली रेघ मारली, आणि विचारलं, नवीन झाडं किती लावतेय म्हणाली?

साठ, मी सांगितलं.

“शंभर वर्षांची व्हायला त्यांना किती वर्षं लागतील, ते मांडलंय का कुठे?” त्यांनी मान हलवली. “हुशार होती माझ्या वर्गात. उत्तर सगळ्यांत आधी काढायची. पण ताळा कधी केला नाही. त्या दिवशीही एक पाय रस्त्यावर ठेवलाच होता तिने, आठवतं ना?”

मला आठवत होतं.

“तेव्हाच तुम्ही चुकलात. सतराला. नऊच ओळी म्हटल्यात. मी थांबले होते, तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही अठराला पळालात.” त्या कागदाची घडी घालून काचेचा कोपरा पुसायला लागल्या, तिथला डाग ओल्या फडक्याने निघत नव्हता, कोरड्या कागदाने निघाला. “आठ वर्षं ती ओळ राहिली आहे इथे. मी रोज येते, आणि रोज खटकतं मला ते.”

चर्चच्या घड्याळात पावणेचार वाजले होते. रस्त्यापलीकडे पाव-केकचं दुकान तसंच होतं, काचेमागची खुर्ची रिकामी होती. हात माझे आपोआप मागे गेले.

“सतरा साती एकशे एकोणीस,” मी म्हणालो.

“आमेन,” पानी गेनोवेफा म्हणाल्या, आणि पुढच्या झाडाची काच पुसायला गेल्या.